कामावरच्या मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला आणि हिशेब शिकवताय? या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये गेली चार वर्षं मी कामगारांचा अर्ध्या तासाचा क्लास घेतोय. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८.३९ टक्के निघाली होती, म्हणून बऱ्याच मॅनेजर लोकांना वाटतं की आपल्याकडे हा प्रश्न उरलाच नाही. पण तिसरीत शाळा सुटलेला आणि वीस वर्षं वेल्डिंग करणारा माणूस कागदावर साक्षर असतो आणि जॉब कार्डवरचं, म्हणजे कामाच्या चिठ्ठीवरचं, माप मात्र शेजारच्याला विचारून घेतो, हे आम्ही रोज बघतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिलीचं पुस्तक आणणं. मीही तेच केलं होतं, कमळ, बदक, रंगीत चित्रं वगैरे, आणि अकरा जणांतले दुसऱ्या दिवशी तिघंच आले. एका काकांनी नंतर सांगितलं, "सर, माही नात हेच पुस्तक वाचते जी, तिच्यासमोर मी काय काढू?" तेव्हापासून पुस्तक बंद. आता सुरुवात स्वतःच्या नावापासून, मग घरच्यांची नावं, मग जे शब्द रोज डोळ्यासमोर असतात ते, पत्रा, गेट, पाना, तेल, सुटी, शिफ्ट. बाराखडी या शब्दांमधूनच येते. आणि कोणालाही सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, एकदा मान खाली गेली की तो माणूस परत येत नाही, मग तुम्ही कितीही चांगलं शिकवा.

"चष्मा घरी राहिला" हे वाक्य तुम्हाला खूप ऐकू येईल, आणि त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, वाचता येत नाही ते झाकायचं असतं. दोन, खरंच दिसत नसतं, कारण चाळिशीनंतर जवळचं बघायला चष्मा लागायला लागतो आणि ज्याने कधी वाचलंच नाही त्याला ते कळतही नाही. ओळखायचं कसं? स्टीलची पट्टी हातात द्या आणि मिलीमीटरच्या बारीक रेघा मोजायला सांगा. रेघाच पुसट दिसत असतील तर आधी डोळे तपासून घ्या, अक्षरं नंतर. रेघा नीट मोजल्या तर मग अडचण अक्षरांची आहे, त्याच्याशी एकट्यात बोला. आमच्याकडे एका भाऊला आम्ही सहा महिने "डोक्यात जात नाही" म्हणत होतो आणि त्याला फक्त वाचायचा चष्मा हवा होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता आकडे. इथे गडबड जास्त होते आणि शिकवणारे सरळ पाढ्यांवर जातात. आधी कोणते अंक शिकवताय ते ठरवा. मीटर टेप, मशीनचा डिस्प्ले, मोबाईल, सगळीकडे इंग्रजी अंक आहेत आणि आपण फळ्यावर मराठी लिहितो, मग आपला १ त्यांना इंग्रजी नऊ वाटतो, ४ आठासारखा दिसतो आणि ५ चारासारखा. फोन नंबर सगळ्यांना लावता येतो, म्हणजे इंग्रजी अंक निम्मे आलेलेच असतात, तिथूनच सुरू करा. दुसरं, आपण सत्तावन्न म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतो, म्हणून लोक सात आधी लिहितात आणि ७५ होतात. यावर ओरडून काही होत नाही, दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची सात नाणी टेबलावर मांडा, नोटा डावीकडे, आठवड्याभरात बसतं. बालाघाट, छिंदवाड्याकडची पोरं हिंदीत मोजतात, त्यांना मोजू द्या.

दशांश चिन्ह हा तर वेगळाच विषय. ऑफिसमधून चिठ्ठी आली होती, २.५ मीटरचे तुकडे कापा. कटिंगवाल्याने रुपये-पैशासारखं दोन मीटर पाच सेंटीमीटर वाचलं आणि सगळा लॉट पंचेचाळीस सेंटीमीटरने आखूड. २.५ मोठं की २.२५ मोठं विचारा, खूप जण २.२५ सांगतात, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. पण हेच लोक अडीच आणि सव्वादोन मध्ये कधीच चुकत नाहीत. म्हणून टेप जमिनीवर पसरा, अडीचवर बोट ठेवायला सांगा, मग सव्वादोनवर, आणि शेजारी खडूने आकडा लिहा. पाव, अर्धा, पाऊण त्यांच्या तोंडात लहानपणापासून आहे, ते सोडून आपण नवीन काहीतरी शिकवायला जातो. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही सांगा, माप मिलीमीटरमध्ये लिही, २५०० लिहिलं की घोळच नाही.

क्लास शिफ्ट सुटल्यावर ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठ तास काढलेला माणूस काय शिकणार, त्याचं लक्ष घरी जायच्या गाडीकडे. ड्युटीच्या वेळेत, जेवणाआधी, पगारी अर्धा तास द्या. मालकाला पटवायला वरचा आखूड लॉट पुरतो.

सरकारचा मोठ्यांना साक्षर करायचा उल्लास कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांपुढच्या कोणालाही, २०२२ ते २०२७. परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, महाराष्ट्रात पहिली १७ मार्च २०२४ ला झाली. जवळच्या शाळेत नोंदणी करून द्या, प्रमाणपत्राचा आनंद मोठा असतो. फक्त त्या पेपरसाठीच क्लास चालवू नका.

आणि सही शिकवून थांबू नका, ही चूक मला सगळ्यात धोकादायक वाटते. अंगठा लावणारा माणूस निदान विचारायचा, "यात काय लिहिलंय जी?" सही यायला लागली की विचारायची लाज वाटते आणि न वाचताच सही होते. म्हणून सहीच्या बरोबरीने पगाराची स्लिप शिकवा. पीएफ बारा टक्के म्हणजे बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) शंभरातले बारा, बारा हजारावर १४४०. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची कपात, ०.७५ टक्के म्हणजे शंभराला पाऊण रुपया. ओव्हरटाइम (ओटी) दुप्पट दराने.

पॅकिंगच्या एक मावशी आहेत, दीड वर्षापूर्वी नाव लिहिता येत नव्हतं. मागच्या महिन्यात स्लिप घेऊन सरळ ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, "माह्या वहीत ओटीचे चौदा तास हायेत, इथं आठच काऊन लिहिले?" वही काढून दाखवली, तारखेवार. सहा तासांचे पैसे पुढच्या पगारात आले.