गोव्यात जुन्या इमारतींच्या कामात यायचंय? आधी एक पावसाळा काढा

दरवर्षी ॲडमिशनच्या सिझनला मला मेसेज येतात, ताई हेरिटेजमध्ये यायचंय, स्कोप आहे का, कुठला कोर्स करू, कुठलं सॉफ्टवेअर शिकू. प्रत्येकाला वेगळं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी डिचोलीची, आर्किटेक्चर शिकले, आता पणजीतल्या एका छोट्या ऑफिसात जुनी घरं, देवळं, चॅपलं अशी कामं करते. सॉफ्टवेअरचं उत्तर लगेच देते, ऑटोकॅड येत असेल तर सुरुवातीला पुरे, बाकीचं काम करता करता येतं. जे कॉलेजात कोणी नीट शिकवत नाही आणि ज्यावाचून साइटवर पावलोपावली अडतं त्या दोनच गोष्टी आहेत: पाणी कुठून येतंय आणि घर नक्की कोणाचं आहे.

पाण्यापासून सुरू करू. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सगळा चार महिन्यांत. आमच्याकडे एक म्हातारे मेस्त म्हणजे मिस्त्री आहेत, ते नव्या पोरांना एकच सांगतात, "पयलीं पावस पळय, मागीर घर." आधी पाऊस बघ, मग घर. म्हणजे जुलैत छत्री घेऊन घराभोवती फिरायचं, पागोळ्या कुठे पडतात, पन्हळ कुठे फुटलीय, शेजाऱ्याने अंगणात पेव्हर घातल्यावर त्याचं पाणी आता कोणाच्या जोत्यात शिरतंय ते बघायचं. मार्चमध्ये केलेला सर्व्हे दिसायला सुंदर असतो पण भिंत कोरडी असते, ती काही सांगत नाही.

आपल्याकडची बहुतेक जुनी बांधकामं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा खाणीतून निघतो तेव्हा बऱ्यापैकी मऊ असतो, हवेवर घट्ट होतो, पण त्याच्यात छिद्रंच छिद्रं, पाणी पितो. म्हणून पूर्वी त्याच्यावर चुन्याचा गिलावा असायचा आणि दर पावसाळ्यानंतर चुन्याचा हात. चुन्यातून ओल आत गेली तरी उन्हाळ्यात परत बाहेर निघते. सिमेंटचा गिलावा केला की ती बाहेर यायचा रस्ता बंद, मग ओल भिंतीत वर चढत जाते, क्षार आतल्या आत साठतात, लोणा धरतो आणि दोन-तीन पावसांत सिमेंटचे पोपडे चिऱ्याचा थर सोबत घेऊन खाली येतात. घरमालकाला वाटतं सिमेंट कमी पडलं, तो अजून जाड थर मारतो. हे चक्र तुम्हाला इतक्या घरांत दिसेल की नंतर नंतर बाहेरून बघूनच कळतं, कंबरेएवढ्या उंचीपर्यंत रंग फुगलेला असला की समजायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बघायचं असेल तर जुन्या गोव्याला बॉम जेझूसला जा. लोकांना वाटतं ते चर्च मुळातच तसं लाल आहे. नाही, 1605 साली ते पवित्र केलं गेलं तेव्हापासून जवळपास साडेतीनशे वर्षं त्याच्यावर गिलावा होता, तो 1950 च्या दशकात बाल्तझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज माणसाच्या देखरेखीखाली काढून टाकला, जुनं दिसावं म्हणून. दर्शनी भागावरचं नक्षीकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडातलं आहे, ते बऱ्यापैकी टिकलंय, पण उघडा चिरा दर पावसात थोडा थोडा झिजतोय. आता परत गिलावा करावा का, यावर भांडणं आहेत. एक बाजू म्हणते इमारत वाचवायची तर झाकाच, दुसरी म्हणते लाल बॉम जेझूस हीच आता जगभर ओळख झालीय, तीही इतिहासाचा भाग आहे. माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे, पण इंटरव्ह्यूला गेलात तर दोन्ही बाजू मांडता यायला हव्यात, हा प्रश्न हमखास विचारतात.

चुना हाताने मळल्याशिवाय कळत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळतो, अंगावर उडतो, डोळ्यांत गेला तर वाट लागते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे घालाच, मेस्त घालत नाहीत म्हणून तुम्ही टाळू नका. विरवलेला चुना नीट मुरू द्यायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, मग त्यात वाळू, कुठे गूळ, कुठे मेथी, कुठे हिरडा, प्रत्येक गवंड्याची आपली रेसिपी आणि प्रत्येकाला दुसऱ्याची चुकीची वाटते. किनाऱ्याकडे शिंपल्यांचा चुना वापरायचे, तो आता शोधावा लागतो. वही ठेवा आणि कोणी काय प्रमाण सांगितलं ते लिहून ठेवा, ही माणसं साठी-सत्तरीतली आहेत आणि त्यांची मुलं बहुतेक गल्फला किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारं काम. भिंतीचा मूळ रंग कुठला ते शोधायचं असतं तेव्हा एक कोपरा निवडायचा, शक्यतो दाराच्या चौकटीमागे किंवा कपाट हलवलं की मागे, जिथे कोणी घासलेलं नसतं, आणि सर्जिकल ब्लेडने पायऱ्या पायऱ्यांनी एकेक थर उघडा करायचा. फोंताईन्यश या पणजीतल्या जुन्या वस्तीजवळच्या एका घरात वरती पिवळा इमल्शन होता, खाली गुलाबी डिस्टेंपर, त्याच्याखाली हिरवट, मग दोन वेगवेगळे निळे चुने, मग एक पातळ गेरूचा थर आणि सगळ्यात खाली पांढरा. मालकीणबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, गुलाबी दिसल्यावर म्हणाल्या हा माझ्या लग्नाचा. तो नखाएवढा तुकडा मी प्लास्टिकच्या पिशवीत तारीख घालून ठेवलाय. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखीव आणि घरांना रंग लावायचाच असा नियम होता असं सगळे गाईड सांगतात, पण भिंत खरवडल्यावर ती काय दाखवते ते बघा, गाईडचं नंतर.

दुसरी गोष्ट, घर कोणाचं. इथे भले भले थकतात. गोव्यात वारसाहक्क अजूनही 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेल्या तत्त्वांवर चालतो, मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. तत्त्व म्हणून एकदम चांगलं, पण पणजोबांचं घर असेल आणि इन्व्हेंटरी म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी कधी झालीच नसेल तर छपराची कौलं बदलायलाही बोरिवली, लिस्बन आणि टोरंटोच्या सह्या लागतात. त्यात मागे मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, राहत असेल तर त्याचा हक्क वेगळा. गोव्यातली किती तरी घरं पैशांअभावी पडत नाहीत, सही न मिळाल्याने पडतात, हे मी अगदी ठामपणे सांगते. त्यामुळे पहिल्या मीटिंगला ड्रॉइंगचा रोल घेऊन जाऊ नका, कागद विचारा, आणि घरातली कोणती आत्या सगळ्यांशी बोलते ते शोधून काढा, तीच तुमची खरी क्लायंट.

देवळात हेच वेगळ्या रूपात. गोव्यातली देवस्थानं महाजनांची, म्हणजे देवळाशी पिढ्यान् पिढ्या जोडलेल्या घराण्यांची, त्यांचा कारभार 1933 च्या महाजनी कायद्याखाली चालतो, म्हणजे कमिटी आहे, निवडणूक आहे, सभा आहे, सभेत ओरडाआरडा आहे. तुम्ही लाकडी खांब वाचवायचं बोलता आणि समोरून कोणीतरी विचारतं, आमच्या देवाला ग्रॅनाइट नको का? त्याला मागासलेला समजू नका, त्याची भक्ती खरी असते आणि पैसे तोच देणार असतो. अशा वेळी लेक्चर देण्यापेक्षा दोन-चार महाजनांना गाडीत घालून नार्व्याला सप्तकोटेश्वराला घेऊन जा. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार केला तेच देऊळ, सरकारने दुरुस्त करून 2023 च्या फेब्रुवारीत परत खुलं केलं. महाराजांच्या वेळचं रूप सांभाळता येतं हे डोळ्यांनी बघितलं की ग्रॅनाइटचा विषय निम्मा होतो. निम्माच, पूर्ण नाही.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राची म्हणजे एएसआयची (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची) स्मारकं वेगळी, राज्याच्या पुरातत्त्व खात्याची वेगळी, राज्याचा कायदा 1978 चा. केंद्र संरक्षित असेल तर 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे 100 मीटरपर्यंत बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. जुन्या गोव्यात 2021 मध्ये संरक्षित हद्दीतल्या एका बांधकामावरून मोठं आंदोलन झालं, तेव्हा अख्ख्या गोव्याला हे आकडे पाठ झाले. पण फोंताईन्यशसारख्या वस्तीतली बहुतेक घरं यातल्या कुठल्याच यादीत नाहीत, ती कन्झर्व्हेशन झोनमध्ये येतात, तिथे फाईल टाउन अँड कंट्री प्लॅनिंगच्या कमिटीपुढे जाते. फाईल लवकर हलेल अशी आशा ठेवू नका, एवढंच.

आता आर्टवाल्या मुलांसाठी, कारण हल्ली त्यांचेच मेसेज जास्त येतात, भिंत रंगवायचीय, म्युरल करायचंय. पणजीत सार्वजनिक कला म्हणजे फक्त इन्स्टाचा बॅकग्राउंड नाही. आदिलशाहाच्या वाड्याशेजारी आबे फारियाचा, म्हणजे संमोहनासाठी गाजलेल्या गोव्याच्या पाद्रीचा पुतळा बघा, 1945 चा, रामचंद्र पांडुरंग कामत या गोंयकार शिल्पकाराचा, संमोहनाचा तो क्षण असा पकडलाय की शाळेत असताना आम्ही त्याला घाबरायचो. मग मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जा, तिथे जॉर्ज कोलासोच्या 1935 च्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजुश टाईल्स आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. पोर्तुगीजांनी स्वतःचं कौतुक आपल्या भिंतीवर करून ठेवलंय, पटो न पटो, काम म्हणून अव्वल आहे. आणि मार्केटात व्यंगचित्रकार मारियो मिरांडाची चित्रं, भाजी घेता घेता बघायची, ती जागा त्यांना शोभते.

पण जुन्या भिंतीवर ब्रश टेकवायच्या आधी ती कशाची आहे ते विचारा. चुन्याच्या भिंतीवर ॲक्रिलिक मारलं की प्लास्टिकची पातळ फिल्म बसते आणि वर सिमेंटचं सांगितलं तेच परत सुरू, तुमचं म्युरलही फुगून पडणार आणि गिलावाही. चुन्यातले रंग किंवा मिनरल पेंट वापरा, नाहीतर चित्र वेगळ्या पॅनेलवर करून भिंतीपासून फट ठेवून टांगा, टाईल्सनाही हेच लागू. ज्यांना खरंच गोव्याचं भिंतीवरचं काम शिकायचंय त्यांनी कावी शिकावी. ओल्या पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, आणि गुळगुळीत गोट्याने घोटायचं. खोडरबर नाही, अन् डू नाही, चुना सुकला की संपलं. पेडण्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात बघा. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कावीच्या भिंती किती गेल्या ते विचारू नका, डोकं फिरतं. कुठे शिल्लक दिसली तर निदान उजेड तिरका पडलेला असताना नीट फोटो काढा, शेजारी स्केल ठेवून, आणि गावाचं नाव लिहून.

आणि फोंताईन्यशमध्ये काम करताना लक्षात ठेवा की तिथे माणसं राहतात. सकाळी दार उघडलं की समोर कोणीतरी प्री-वेडिंगची पोझ देऊन उभं, यात ती इतकी वैतागलीयत की तुम्ही टेप काढली तरी खिडकी बंद होते. बेल वाजवा, नाव सांगा, कोणाच्या ओळखीने आलात ते सांगा, कॉफी दिली तर नाही म्हणू नका.

कोर्सचं विचारता तर, आर्किटेक्चरचा रस्ता म्हणजे नाटा ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं बी.आर्क., आमच्या इथे आल्तिन्योला आर्किटेक्चर कॉलेज आहे आणि आर्ट कॉलेजही तिथेच. पुढे कन्झर्व्हेशनमध्ये मास्टर्ससाठी दिल्ली आणि भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ. इतिहासवाल्यांना ग्रेटर नोएडाच्या दीनदयाळ उपाध्याय संस्थेचा पुरातत्त्वाचा दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि चित्रं-वस्तू दुरुस्तीची आवड असेल तर लखनौची एनआरएलसी, म्हणजे संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा. पण बारावीनंतर लगेच ठरवायची घाई नको. थोडी पोर्तुगीज शिका, गोव्याच्या पुराभिलेखागारात 1595 पासूनची परंपरा आहे, तिथले कागद वाचता आले तर तुम्ही ऑफिसात कोणापेक्षाही महाग. मोडी येत असेल तर सोन्याहून पिवळं, देवस्थानांचे जुने कागद त्यात सापडतात आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पगार सुरुवातीला बिल्डरच्या ऑफिसपेक्षा कमी, हे घरी आधीच सांगून ठेवा. माझे बरेच मित्र दोन्ही करतात, आठवडाभर व्हिला आणि रविवारी हेरिटेज वॉक, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कलेचा फेस्टिवल असतो, जुन्या जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) बिल्डिंगमध्ये वगैरे, तिथे प्रॉडक्शनला घेतात, जुन्या इमारतीत एकही खिळा न ठोकता प्रदर्शन कसं लावतात ते तिथे फुकटात शिकायला मिळतं. रेइश मागुशचा किल्लाही बघून या, किती तरी वर्षं तुरुंग होता, आर्किटेक्ट जेरार्ड द कुन्हा यांनी हेलन हॅमलिन ट्रस्टच्या पैशांवर दुरुस्त केला आणि 2012 मध्ये खुला झाला, आता आत मारियोची गॅलरी आहे.

इंटर्नशिपसाठी मेल टाकायचा तर सप्टेंबरात टाका. चुन्याचं काम पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंतच चालतं, माणसं तेव्हाच लागतात. पोर्टफोलिओत थ्रीडी रेंडर कमी, हाताने मोजून काढलेलं एखादं खरं घर जास्त, आजोबांचं असलं तरी चालेल. आणि त्या घराचे जुलैतले फोटो जोडा.