'मीथिंक्स' नेमकं वापरायचं कसं?
जुन्या इंग्रजी नाटकात मीथिंक्स दिसलं की वाटतं, अरे 'आय थिंक'चं हे काय करून ठेवलंय. पण यातला 'मी' म्हणजे इंग्रजीतला 'मी' (me), आपला 'मला', आणि थिंक्स पण विचार करणाऱ्या थिंकमधून आलेलं नाहीये, जुन्या इंग्रजीत 'वाटणे, भासणे' यासाठी वेगळंच क्रियापद होतं, उच्चार जवळपास सारखे म्हणून पुढे दोन्ही एकात मिसळली. थोडक्यात आपलं साधं 'मला वाटतं'! शेवटी एस पण त्यामुळेच, कर्ता 'आय' नाहीच मुळी. म्हणून आधी 'आय' लावू नका, भूतकाळात मीथॉट म्हणा, वाक्यात सुरुवातीला, शेवटी कुठेही चालतं, म्हणजे 'इट विल रेन, मीथिंक्स'. आता गंमत म्हणूनच वापरायचं हां, रजेच्या अर्जात नको.