विजेची बचत मोजण्यापूर्वी बेसलाइनवर सह्या घ्या

बीईईची (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा देऊन जे नुकतेच ऊर्जा लेखापरीक्षणाच्या कामाला लागले आहेत, त्यांना एसीसाठी पाणी थंड करणारा चिलर आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मात्र वाचलेली वीज कोणत्याच मीटरवर दिसत नाही, याचा अर्थ प्रत्यक्ष साइटवरच उमगतो. मीटर फक्त वापर दाखवतो; बदल केला नसता तर किती वीज लागली असती, ही बेसलाइन आपल्याला हिशेबाने ठरवावी लागते आणि वाद होतो तो त्याच आकड्यावर.

पुण्यातील एका कार्यालयीन इमारतीत चिलर प्लँटची नवी नियंत्रणप्रणाली मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाली. जुलैचे बिल उतरले आणि सर्वांनी तीच बचत धरली. परंतु पाऊस लागला की पुण्यातील उन्हाळा ओसरतो आणि एसीवरचा भार आपोआप कमी होतो. ग्राहकाच्या लेखा विभागाने नेमका हाच मुद्दा काढला आणि बचतीतील वाट्यावर ठरलेले आमचे देयक कित्येक महिने अडकून पडले. त्या काळातली घालमेल मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून बिलाला बिल लावून बचत काढू नका. गेल्या वर्षीच्या जुलैशी तुलना करणेही पुरेसे नाही, कारण दरम्यान एखादा रिकामा मजला भाड्याने गेलेला असतो किंवा सर्व्हर रूम वाढलेली असते. शिवाय महावितरणची उच्चदाब बिले 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरणाऱ्या युनिटवर, असल्याने नुसता पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) सुधारला तरी युनिट कमी दिसतात. बदलापूर्वीचा किमान एक वर्षाचा वापर घेऊन तो बाहेरच्या तापमानाशी आणि इमारतीच्या वापराशी जोडणारे समीकरण मांडा. नंतरच्या महिन्यांचे तापमान त्यात घालून येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांतील फरक म्हणजे बचत. हे गणित एक्सेलमध्ये सहज होते, त्याची धास्ती घेऊ नका.

विक्रेत्याने तासाभराच्या चाचणीवरून दिलेल्या टक्केवारीवर मात्र मुळीच विसंबू नका. तारेभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरवर अँपिअर पाहून पॉवर फॅक्टर 0.9 गृहीत धरणेही घातक आहे, कारण कमी भारावर चालणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर बराच खाली असतो आणि जुना वापर फुगलेला दिसतो. माझ्या मते या कामातला खरा गुरू म्हणजे रात्रपाळीचा प्लँट ऑपरेटर. त्याच्या लॉगबुकमधील तासातासाच्या नोंदी काम सुरू होण्यापूर्वीच उतरवून घ्या आणि त्यांवर आधारलेल्या बेसलाइनवर ग्राहकाची सही घ्या, कारण जुना पंप भंगारात गेल्यावर त्याचे किलोवॉट कोणालाही मोजता येत नाहीत.