बाथरूम फोडायच्या आधी

बाथरूमचं काम निघालं की घरचे आधी टाइल्स बघायला धावतात. सोलापुरात आधी पाण्याचा वार बघावा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, आणि या कामाला पाणी लागतं भरपूर: सिमेंट मुरवायला लागतं, शेवटच्या चाचणीला तर साठवूनच ठेवावं लागतं. मिस्त्रीची तारीख त्यावरून ठरवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत माणसं मिळतील ही आशा सोडा. मे महिना शक्यतो टाळा, कारण त्या उन्हात कोबा मुरायच्या आधीच वाळून तडकतो. तेव्हाच करायचं असेल तर ओली गोणपाटं टाकून निदान ७ दिवस सकाळ-संध्याकाळ शिंपडायला घरात कुणीतरी हवं.

फोडण्याआधी गळतं कुठून ते शोधा. रात्री सगळे नळ बंद, टाकीत येणारं पाणी बंद, आणि टाकीवर पातळीची खूण. फ्लशला पाणी देणारा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉकही बंद करायला विसरू नका, नाहीतर टाकी तिथून उतरते आणि आपण भिंत फोडून बसतो. सकाळी पातळी खाली गेली असेल तर नळाची लाइन फुटली आहे. तेवढी दुरुस्त केली की भागतं. पातळी जागची हलली नसेल तर दोष फरशीत, न्हाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) किंवा सांडपाण्याच्या पाइपात. मग फक्त ट्रॅपमध्ये नीळ घातलेल्या दोन बादल्या ओता. खालच्या छतावर निळा डाग उमटला तर ट्रॅप किंवा पाइपच. यासाठी खालच्या मावशींना आधी विचारून ठेवा, त्यांच्या छताचे फोटोही काढा. पुढे कुठला डाग जुना आणि कुठला नवा यावर वाद होतात.

जुन्या घरात बाथरूममध्येच हौद असतो. ५०० लिटरचा हौद म्हणजे भरल्यावर अर्धा टन वजन, आणि हौद नि फरशीच्या सांध्यातली ओल बाहेरून दिसत नाही. तो काढायचा की ठेवायचा हे आत्ताच ठरवा. मी असतो तर काढला असता.

फोडल्यावर पाइप बदलून घ्या. पाच-सात वर्षं वापरलेला पाइप नव्या फरशीखाली पुरण्यात कसली बचत? प्लास्टर करण्याआधी प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करवून घ्या आणि भिंतीला मोजायची टेप लावून पाइपांचे फोटो काढा. गीझर, साबणदाणी, टॉवेलचा दांडा यांची भोकं आत्ताच पाडून घ्या, पाणी अडवणाऱ्या कोटिंगनंतर ड्रिल नको. स्लॅब खाली घेतलेला असेल तर भरणीआधी त्या खड्ड्यालाही कोटिंग हवं.

कोबा घालताना ढाळ फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), थेट ट्रॅपकडे. भिंत आणि फरशी मिळते तिथे मसाल्याची गोलाई. कोपऱ्यात आणि ट्रॅपच्या तोंडाशी कोटिंगमध्ये जाळीची पट्टी, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. पावडर आणि लिक्विडचं कोटिंग पाकिटावरच्या मापानेच कालवा. पसरावं म्हणून त्यात पाणी ओतणाऱ्या मिस्त्रीचा हात धरा. कोटिंगखालचा पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेला नको. हात दोन, पहिला उभा तर दुसरा आडवा. शॉवरच्या भिंतीला ६ फुटांपर्यंत, बाकीच्या भिंतींना निदान एक फूट, आणि उंबऱ्याला वळसा घालून.

आता चाचणी. मागच्या खेपेला आमच्याकडे मिस्त्री म्हणाला, "मालक, काय होत नाही बघा, सांच्याला फरशी बसवून टाकू." मी मान डोलावली. दोन महिन्यांत मावशींच्या पंख्याशेजारी ओल, आणि पुन्हा तीच फरशी फोडणं. तेव्हा कोटिंग पाकिटावर लिहिलंय तेवढं वाळू द्या, ट्रॅप बोळ्याने घट्ट बंद करा आणि उंबऱ्यापर्यंत २ इंच पाणी ४८ तास उभं ठेवा. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमला हे साधारण १६५ लिटर होतं, म्हणजे एक निळा ड्रम जवळपास रिकामा. ड्रम पाण्याच्या दिवशीच भरून ठेवा, मिस्त्रीला तो हात धुवायला देऊ नका. शेजारी पाण्याची बादली ठेवून दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करा. आपल्या हवेत पाणी वाफेने उतरतंच. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर ती वाफ. फरशीवरची जास्त उतरली तर पाणी कुठेतरी जिरतंय, आणि टाइल्सचा बॉक्स अजून उघडायचा नाही. खाली जाऊन छतही हाताने चाचपून पहा. हेच पाणी नंतर बादलीने काढून मोरी धुवायला वापरा.

टाइल्सच्या सांध्यात पांढरा सिमेंट भरू नका, इपॉक्सी ग्राउट भरा. महाग पडतो, पण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला आपण जे ॲसिड ओततो, ते साधा सिमेंट खाऊन टाकतं. ॲसिडची बाटलीही त्याच दिवशी घरातून हलवा. उरलेल्या ४-५ टाइल्स माळ्यावर टाका; दोन वर्षांनी तो शेड दुकानात मिळत नाही.