रीफ टँकसाठी प्रोटीन स्किमर घेताय? खोक्यावरचे लिटर शेवटी बघा

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर लाटांबरोबर तो पिवळट फेस येऊन साठतो ना, प्रोटीन स्किमर तेच काम रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी करतो. उरलेलं खाणं, माशांची घाण, कोरलचा चिकट स्राव यातून पाण्यात जे सेंद्रिय पदार्थ मिसळतात ते बारीक बुडबुड्यांना चिकटतात, फेस नेकमधून (स्किमरच्या वरच्या अरुंद नळीतून) वर चढतो आणि कपमध्ये (वरच्या भांड्यात) पडतो, आणि मुख्य म्हणजे ते सडून अमोनिया आणि मग नायट्रेट व्हायच्या आधीच बाहेर जातात. एकदा नायट्रेट तयार झालं की स्किमर ते काढू शकत नाही, त्यामुळे नायट्रेट आधीच खूप वर गेलंय म्हणून स्किमर आणणार असाल तर वॉटर चेंज पण करावे लागतीलच.

आधी टँकचं खरं पाणी मोजा. 4 बाय दीड बाय दीड फुटाचा टँक कागदावर साधारण 255 लिटरचा होतो, त्यातून रॉक आणि सँडची जागा वजा करा, संपचं, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या फिल्टर टाकीचं, पाणी मिळवा. आता खोक्यावर लिहिलेलं असतं "500 लिटरपर्यंत", तर हा आकडा बहुतेक वेळा कमी बायोलोडचा (पाण्यावरच्या घाणीच्या भाराचा) असतो, म्हणजे मासे थोडे आणि खाणं बेताचं. चांगल्या कंपन्या कमी आणि जास्त बायोलोडचे वेगवेगळे आकडे देतात, ते शोधून वाचा. टँग वगैरे भरपूर खाणारे मासे असतील, दिवसातून दोनदा फ्रोझन फूड जात असेल तर जास्त बायोलोडचाच आकडा धरा. पण म्हणून तिप्पट मोठा उचलू नका!! दोन क्लाउनफिश आणि चार सॉफ्ट कोरल असलेल्या टँकमध्ये मोठ्या स्किमरला फेस धरायला पुरेसा माल मिळत नाही, नेकमध्ये फेस नीट उभाच राहत नाही. आणि टँक 100 लिटरच्या आतला असेल, मासे एक-दोनच असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की स्किमर सोडा, दर आठवड्याला 10-15 टक्के पाणी बदला, त्या पैशात चांगलं सॉल्ट आणि आरओडीआय युनिट (नळाचं पाणी अगदी शुद्ध करणारा फिल्टर) घ्या.

यानंतरची गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही पण सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, संपमधली जागा. लांबी-रुंदी तर मोजाच, पण उंची मोजताना कप वर काढायला कॅबिनेटमध्ये जागा राहते का तेही बघा, नाहीतर दर वेळी कप धुवायला अख्खा स्किमर बाहेर काढावा लागेल आणि मग धुणं लांबणीवर पडतं. संपमध्ये बसणारे बरेच स्किमर 7 ते 9 इंच पाण्यात नीट चालतात, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पाणी जास्त खोल असेल तर खाली स्टँड द्या. ज्या कप्प्यात बाष्पीभवनाने पातळी खालीवर होते तिथे स्किमर ठेवू नका, आज कोरडा आणि उद्या ओव्हरफ्लो असं चालू राहतं. संपच नसेल तर हँग-ऑन (टँकच्या काठाला टांगायचा) स्किमर मिळतो, पण त्याचा कप भरला की पाणी थेट फरशीवर येऊ शकतं, तेव्हा त्यावर लक्ष ठेवायची तयारी हवी.

पंप नीडल व्हीलचा (बारीक काड्यांच्या चाकाचा) घ्या, बुडबुडे बारीक होतात आणि वीजही कमी लागते. अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणून देत असेल तर व्होल्टेज आधी बघा, तिकडचा साधा एसी पंप 110-120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा असतो, आपल्याकडे 230 आणि 50, व्होल्टेज कन्व्हर्टर लावला तरी हर्ट्झ बदलत नाही आणि पंप हळू फिरतो. डीसी पंप महाग पडतो पण स्पीड कमीजास्त करता येतो, आवाजही सहसा कमी असतो. इम्पेलर आणि ओ-रिंग इथे सुटे मिळतात का हे पैसे देण्याआधीच विचारा. लाइट गेली की टँकचं पाणी संपमध्ये उतरतं आणि लाइट आल्यावर पातळी चढलेली असताना स्किमर लगेच सुरू झाला तर कप भरून वाहतो, म्हणून वारंवार लाइट जात असेल तर उशिरा सुरू होणारा कंट्रोलर बघा.

आपल्या उन्हाळ्यात तर स्किमरचा अजून एक मोठा उपयोग आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, स्किमर सतत हवा मिसळत राहतो. बंद एसी खोलीत पीएच खाली राहत असेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढून बघा, बऱ्याचदा फरक दिसतो.

नवीन स्किमर पहिल्याच दिवशी चांगला फेस देईल अशी अपेक्षा ठेवू नका, काही दिवस ते दोन आठवडे जातात, तोवर सेटिंग सारखं फिरवू नका. एपॉक्सी (कोरल चिकटवायचा लांबी) लावल्यावर किंवा कोरल डिप (नवीन कोरलवरचे किडे काढायचं औषध) पाण्यात गेल्यावर तो वेड्यासारखा ओव्हरफ्लो होतो, तेलकट फ्रोझन फूड दिल्यावर उलट फेस बसतो, दोन्ही आपोआप ठीक होतं. नेक आठवड्यातून एकदा पुसा कारण आत चिकटा जमला की फेस वर चढत नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी पंप व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात चालवून कॅल्शियमचा थर काढा.