भगोरियाच्या आधी छत भरा

आमचं सुदामानगरातलं घर सासऱ्यांनी १९८४ मध्ये बांधलं. त्यावर मजला चढवायचं ठरलं तेव्हा ह्यांचे गुडघे जिन्याला नाही म्हणत होते, म्हणून कामावर उभं राहायची पाळी माझी आली. बत्तीस वर्षं गणित शिकवण्यात गेलेली. बांधकामातलं काही कळत नव्हतं, पण मोजायची सवय होती. इंदूरात कुणी घरावर मजला चढवणार असेल, तर मला जे कामाला आलं ते सांगते.

आधी भाषा. मिस्त्रीशी बोलताना खडी, सळई, गवंडी म्हणालात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. इथे गिट्टी, सरिया, मिस्त्री. घमेलं म्हणजे तगारी, स्लॅब म्हणजे छत, आणि त्याला पाणी देणं म्हणजे तराई. आम्ही घरातही आता असंच बोलतो, पुण्याची जाऊ हसते.

मजल्याचा विचार पायापासून करा. माळव्याची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भिंतीतल्या भेगेत मे महिन्यात रुपयाचं नाणं जातं आणि ऑगस्टमध्ये तीच भेग मिटलेली दिसते, असं असेल तर पुट्टी भरत बसू नका, दुखणं पायाचं आहे. ठेकेदार म्हणाला, ‘‘चाळीस साल से खड़ा है, और क्या चाहिए?’’ खरं आहे, पण चाळीस वर्षं ते एकच मजला घेऊन उभं होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने दोन कोपऱ्यांपाशी खड्डे घ्यायला लावले आणि पाया मुरमावर टेकलाय का ते बघितलं. हे खड्डे एका वेळी एकच घ्या, आणि पायाच्या तळाखाली खणू देऊ नका. खोली दीड मीटरच्या वर गेली, तर बाजूंना फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय आत माणूस उतरवायचा नाही. काढलेली माती काठापासून दीड मीटर लांब टाका. कोरडी काळी माती दगडासारखी उभी राहते, म्हणून फसायला होतं. रात्री एक सर आली की सकाळी ती बसते.

जुनी सेप्टिक टँक फोडायची असेल तर एवढंच: आत कुणालाही उतरवू नका, ‘‘बस दो मिनट’’साठीही नाही. आतल्या वायूला दोन मिनिटं पुष्कळ होतात. गाडी बोलवा, मशिनने उपसून घ्या.

आता तारेची गोष्ट. ती मी अजून झोपेत पाहते.

सरिया १२ मीटर लांब येतो. दुकानातून दुमडून आणतात, रस्त्यावर सरळ करतात आणि छतावरून दोघं जण उभाच वर ओढतात. आमच्या गल्लीतून ११ हजार व्होल्टची लाइन जाते. खालच्या पोराने टोक सोडलं, वरच्यांच्या हातात सरिया डोलला आणि लाइनच्या बाजूला झुकला. दीड हातावर थांबला. मी ओरडले म्हणून थांबला असं सगळे म्हणतात, पण तो नुसता थांबला. त्या तारा उघड्या असतात, त्यांच्यावर आवरण नसतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे सरिया खालीच कापला गेला. खोल्या अकरा फुटांच्या, मग चाळीस फुटी कांब वर नेऊन करायचं काय? नकाशावरून मापं काढायची, जमिनीवर तोडायचं, आणि घराच्या मागच्या बाजूने दोन दोऱ्यांना बांधून आडवं चढवायचं. लाइनच्या बाजूला लांब काम असेल, तर वीज कंपनीच्या झोन ऑफिसात अर्ज देऊन तेवढा वेळ लाइन बंद करून घ्या. आणि बांधून झालेली गॅलरीही ११ हजारच्या लाइनपासून आडवी किमान १.२ मीटर लांब राहायला हवी. ते अंतर डोळ्यांनी किंवा नकाशावरून काढा, तारेकडे टेप धरून नाही! ‘‘तारेवर प्लास्टिकचा पाइप चढवून देतो’’ असं सांगणारा भेटेलच. तो पाइप वीज अडवायला बनवलेला नसतो, उलट बघणाऱ्याची भीती मात्र मोडते. कुणी चिकटलंच, तर लाइन बंद झाल्याचं कळेपर्यंत जवळ जाऊ नका.

खालची वीजही तेवढीच बघा. मिक्सर आणि कटरच्या वायरी काड्या खोचून सॉकेटमध्ये घालतात, आणि सगळीकडे ओलं. आम्ही कामाच्या लाइनला वेगळा बोर्ड करून त्यावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलं. त्याचं टेस्टचं बटण रोज सकाळी मी दाबायचे. कामवाल्यांना ती माझी पूजा वाटायची.

आमच्याकडचे मजूर झाबुआ-अलिराजपूरचे, बायका-पोरांसकट आलेले. म्हणजे तीन वर्षांचं पोर दिवसभर साइटवर. तराईसाठी भरलेला हौद कमरेएवढा खोल असतो, पण पोराला तो बुडवायला पुरतो. झाकण करा, त्यावर वजन ठेवा, आणि पोरांसाठी अंगणाचा एक कोपरा बांबूने बंद करून द्या. हेल्मेटचं म्हणाल तर बायकांच्या डोक्यावर चुंबळ आणि त्यावर तगारी, हेल्मेट घालणार कुठे? मग वर माल चढवायला कप्पी लावली, आणि कप्पीखाली चुन्याने चौकोन आखला. त्या चौकोनात कुणी पाय ठेवायचा नाही, मीसुद्धा नाही. पुरुषांना हेल्मेट घातल्याशिवाय चहा नाही, हा नियम मात्र चालला.

जिन्यासाठी छतात सोडलेलं भोक नुसत्या प्लायने झाकू नका. प्लाय उचलून चालणाऱ्याला पुढे काय आहे ते दिसत नाही. फळ्या खिळ्यांनी ठोकून घ्या. छताच्या कडेला पॅरापेट, म्हणजे कठडा, होईपर्यंत बांबूचे दोन आडवे, कमरेला आणि गुडघ्याला. सेफ्टी बेल्ट आणलात तर तो अडकवणार कशाला, हेही ठरवा. बल्लीला, म्हणजे छताखालच्या लाकडी टेकूला, अडकवलेला बेल्ट बल्लीसकट खाली येतो.

छत भरायच्या दिवशी मी बादली धरून बसले. एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या मालात सिमेंटच्या ५० किलोच्या एका बोरीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. रेत ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा व्हावा म्हणून तिसरी बादली ओतायची सवय फार जुनी आहे, आणि बादली मोजणारी म्हातारी कुणालाच आवडत नाही. गॅलरीकडे मात्र स्वतः जा. तिथे मुख्य सरिया वरच्या अंगाला असतो आणि माल टाकताना लोक त्यावर उभे राहून तो दाबतात. खाली दबलेला सरिया गॅलरी धरत नाही. चालायला फळ्या टाकून घ्या.

आणि तारीख. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया, म्हणजे आदिवासींची जत्रा, असतो, तेव्हा मजूर गावी जातातच, आगाऊ पैसे देऊनही थांबत नाहीत आणि थांबू नयेत. मग होळी, मग रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक. बहुतेक मालक याला खोळंबा म्हणतात. मी छत भगोरियाच्या चार दिवस आधी भरून घेतलं. बल्ल्या भाड्याच्या असतात, त्यामुळे ठेकेदाराला त्या पुढच्या साइटवर न्यायची घाई असते. पण काढायला माणसंच नाहीत! साडेचार मीटरपर्यंतच्या छताचे टेकू साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ठेवायचे असतात. आमचं पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, ते सावकाश कडक होतं, म्हणून इंजिनिअरने १४ सांगितले. तराईही १४ दिवस. छतावर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे बांध घालून वाफे केले आणि पाणी मी भरत राहिले. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या हिशेबाने टाकी राखून ठेवायची. गेरच्या दिवशी सगळं शहर राजवाड्यावर आणि मी छतावर.

बल्ल्या काढताना खालच्या खोलीत आणि अंगणात कुणी नको. छताच्या बल्ल्या मधून सुरू करून भिंतींकडे यायचं, गॅलरीच्या बाहेरच्या टोकापासून आत. उलट केलंत तर गॅलरीला जिथे तुटायची भीती, तिथेच ताण येतो. आमच्या गॅलरीच्या बल्ल्या मी अठ्ठाविसाव्या दिवशी काढू दिल्या. जादा भाडं मी भरलं, आणि ठेकेदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.