कलमी गुलाब कुंडीत लावताना
गुलाबाचं कलम मी गणपती गेल्यावरच आणते. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन अजून तापायचं असतं. रोपवाटिकेत फुलांना भुलू नका. खोड बघा, डोळा भरलेली जागा, म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडावर चांगल्या गुलाबाचा डोळा (अंकुर) जिथे जोडलेला असतो ती, घट्ट आहे का ते बघा.

कुंडी 12 इंची, मातीची. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. आमच्या नाशिकची काळी माती कुंडीत पाणी धरून बसते, तीच वापरायची तर जाडसर वाळू मिसळा. शेणखताला वास येत असेल तर थांबा, मुळं जळतात.

पिशवी ब्लेडने कापा. मुळांभोवतीचा गोळा फुटता कामा नये. आता सगळ्यात महत्त्वाचं: डोळा भरलेला जोड मातीच्या दोन बोटं वर राहिला पाहिजे. गाडला की कुजण्याची भीती. जोडाखालून जोमदार फूट आली की शेजारच्या काकू म्हणतात, “काय सुरेख वाढतंय गं!” ती खुंटाची, म्हणजे खालच्या जंगली गुलाबाची फूट, कलमाच्या तोंडचा घास तीच पळवते. बुडापासून काढून टाका, दयामाया नको.

लावल्यावर भरपूर पाणी, आठवडाभर सावली, मग रोज पाच-सहा तास ऊन. पाणी सकाळी, बुडाशी. पानं सारखी ओली राहिली तर काळे ठिपके पडतात. मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर संध्याकाळी निंबोळी तेल फवारा. पहिल्या कळ्या मी खुडते, म्हणजे रोप आधी अंग धरतं. घरात कुरकुर होते, होऊ दे.